लुटुपुटीचा खेळ म्हणजे खोटेपणा नव्हे

कोकणातल्या आचऱ्याच्या किनाऱ्यावर मुलांच्या खेळात करवंटी कढई होते, ओली वाळू भात होते आणि पाहुण्याला पोटभर जेवावं लागतं. साधारण दीड-दोन वर्षांच्या वयात सुरू होणाऱ्या या खेळाला प्रतीकात्मक खेळ (एका वस्तूला दुसरीच मानून खेळणे) म्हणतात.

अशानं मुलाला खोटं बोलायची सवय लागेल, अशी भीती अनेक घरांत असते. ती समजण्यासारखी आहे. पण खोटं बोलणाऱ्याला समोरच्याला फसवायचं असतं; इथे ती वाळू आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. दशावतारी नाटकात साधं बाकडं सिंहासन होतं, तेव्हा प्रेक्षक फसत नाहीत, रंगतात. मूलही वाळूचा घास तोंडाशी नेतं, गिळत मात्र नाही. गावपळणीनंतर (सगळं गाव काही दिवस घरं सोडून वेशीबाहेर राहतं, त्या प्रथेनंतर) पोरांनी अंगणात झावळ्यांची राहुटी उभारून 'गाव सोडला' असा खेळ मांडला, तर ती घडलेलं पुन्हा जगून समजून घेत असतात.

कल्पनेच्या खेळाबाबत शिक्षणतज्ज्ञांचंही एकमत नव्हतं. मारिया माँटेसरी यांचा कल परीकथांपेक्षा खऱ्या कामांकडे होता. त्यांची पद्धत इकडे रुजवणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोदक यांनी मात्र गोष्टी, गाणी, नाट्य यांना बालशिक्षणात मानाची जागा दिली. १९२६ मध्ये स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ त्यांच्याच कामातला. मला त्यांची बाजू पटते.

अशा खेळाला महागडी खेळणी लागत नाहीत; एखादं गाणंही पुरतं. मात्र मुलाकडून पाहुण्यांपुढे गाणं म्हणवून घेणं ही बहुधा पाठांतराची परीक्षाच ठरते. त्यापेक्षा बडबडगीताची चाल तीच ठेवून त्यातला प्राणी मुलाला बदलू द्या. बैलाऐवजी कुर्ली (खेकडा) आली तर ती चालेल कशी, बोलेल काय? उत्तर विचित्र आलं, तरी दुरुस्त करू नका.