नातवाचा चेंजअप आणि आजोबांची नजर

अमेरिकेत मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या माझ्या एका जुन्या रुग्णाचा मध्यंतरी दूरध्वनी आला. रक्तदाबाविषयी काही विचारतील असे वाटले. पण प्रश्न अकरा वर्षांच्या नातवाचा होता. तो तिथल्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. फेकताना उजव्या कोपराची आतली बाजू दुखते, हे त्याने फक्त आजोबांना सांगितले होते आणि वर बजावले होते, "आईबाबांना सांगू नका, मला बाहेर बसवतील." आजोबांनी विचारले, "डॉक्टर, शब्द पाळू की मोडू?"

"मोडा, काका, पण त्याला सांगून मोडा, आणि आजच," मी म्हणालो.

असे का, ते समजून घ्यायला हवे. या वयात हाडांची टोके पक्की जुळलेली नसतात. तिथे वाढीची मऊ कूर्चा असते. तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. जोराने चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूला ओढ बसते. तीच ओढ वारंवार बसली की कूर्चा सुजते, क्वचित हाडाचा तुकडाही सुटतो. अशा वेळी मलम लावून खेळत राहणे हा उपाय नव्हे. फेकणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. आपल्या औषधांच्या डब्यातील वेदनाशामक गोळी नातवाला मुळीच देऊ नये. दुखणे दबते, इजा वाढते.

तपासणी झाली, विश्रांती मिळाली आणि काही आठवड्यांनी डॉक्टरांच्या परवानगीने मुलगा हळूहळू फेकू लागला. या वेळी प्रशिक्षकांनी त्याला चेंजअप शिकवायला घेतला. क्रिकेट पाहणाऱ्यांना ही कल्पना नवी नाही. आपल्याकडचा 'स्लोअर वन' तोच. हात फास्टबॉलच्याच वेगाने फिरतो, चेंडू मात्र मागे रेंगाळतो आणि फलंदाजाची बॅट आधीच फिरून जाते. प्रौढांच्या सामन्यात ताशी १४५ किलोमीटरचा फास्टबॉल सुमारे ०.४ सेकंदात पोहोचतो. चेंजअप त्याहून ताशी १३ ते १६ किलोमीटर संथ असतो. तेवढा फरक पुरतो.

हा वेग कमी होतो तो पकडीमुळे. फास्टबॉल बोटांच्या टोकांवर धरतात. चेंजअपमध्ये चेंडू तळहाताच्या जवळ, सैल धरतात. लहान हातांसाठी तीन बोटांची पकड सोपी : तर्जनी, मधले बोट आणि अनामिका वर, अंगठा व करंगळी खालून आधाराला. मनगटाला पीळ द्यायचा नाही. चेंडू फलंदाजाच्या गुडघ्याच्या उंचीवर ठेवायचा. शिकणाऱ्याची नेहमीची चूक म्हणजे हात मंद करणे. तसे केले की फलंदाज लगेच ओळखतो.

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांनी फास्टबॉल आणि चेंजअप एवढेच फेकावेत, असा तिथल्या मार्गदर्शक सूचनांचा सल्ला आहे. चेंजअपमध्ये खांदा व कोपर यांवरचा ताण फास्टबॉलहून कमी असतो. तरीही मोजणी हवीच. लिटल लीगच्या नियमांनुसार अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ फेकी. ६६ किंवा अधिक झाल्यास चार दिवस विश्रांती.

सॅन डिएगो पाड्रेस संघाच्या ट्रेव्हर हॉफमन यांचे उदाहरण मी काकांना सांगितले. १९९४ मध्ये त्यांचा खांदा दुखावला, पुढे शस्त्रक्रिया झाली आणि पूर्वीचा वेग गेला. त्यांनी चेंजअप घोटून घेतला. कारकिर्दीत त्यांच्या नावावर ६०१ 'सेव्ह' जमा झाले आणि २०१८ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेमचा मान मिळाला. जोर ओसरला म्हणजे सारे संपले, असे मानणाऱ्या आपल्या वयाच्या मंडळींनीही हे ध्यानात ठेवावे.

आजोबांनी मैदानात उतरून झेल घ्यावेत, असे मात्र मी सुचवणार नाही. चेंडू कठीण असतो, वजन सुमारे १४५ ग्रॅम. चष्मा, खांदा आणि रक्त पातळ करणारी औषधे यांचा विचार करावा. जाळीमागे खुर्ची, टोपी, पाण्याची बाटली आणि दोन कामे पुरेत : प्रत्येक फेक वहीत नोंदवणे आणि चेंडू हातातून सुटण्यापूर्वी तो कोणता असेल हे ओळखणे. आजोबांना ओळखता आले, तर फलंदाजालाही येईल.

गेल्या आठवड्यात काकांचा पुन्हा फोन आला. "डॉक्टर, वीसपैकी सोळा वेळा चुकलो," ते आनंदाने म्हणाले. "आणि कोपर?" मी विचारले. "रोज मीच विचारतो. आता तो मला लपवायला सांगत नाही."