अरबी समुद्रातील देवमाशांची लपविलेली कत्तल

नोव्हेंबर १९६६ मध्ये ‘स्लावा’ आणि ‘सोवेत्स्काया उक्राइना’ हे सोव्हिएत संघाचे दोन शिकारी ताफे अंटार्क्टिकाकडे जाताना वाटेत अरबी समुद्रात थांबले. ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांलगत त्यांनी ‘हम्पबॅक’ जातीच्या देवमाशांची शिकार केली. आदल्या वर्षीची तुरळक शिकार धरून हा आकडा २४२ होतो. ही शिकार बेकायदा होती, आणि जगाला तिचा पत्ता तीन दशके लागला नाही.

सोव्हिएत संघ आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाचा सदस्य होता; पण आयोगाला दिले जाणारे आकडे खोटे असत. दक्षिण गोलार्धात १९४८ ते १९७३ या काळात त्याने सुमारे ४८ हजार हम्पबॅक मारले. नोंद दिली ती अवघ्या २७१० ची! एवढे मांस खाणारे तरी कोण होते? फारसे कोणीच नाही. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेत ताफ्याला उद्दिष्ट ठरवून दिलेले असे, ते ओलांडले की बोनस मिळे. अनेकदा चरबीचा थर सोलून उरलेले धूड समुद्रात लोटले जाई. १९७२ मध्ये जहाजांवर परदेशी निरीक्षक आले, तेव्हा कुठे हा प्रकार आवरला. १९९३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी याब्लोकोव्ह यांनी त्याला वाचा फोडली.

जहाजांवरील जीवशास्त्रज्ञांनी मात्र खऱ्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. त्यांपैकी युरी मिखालेव्ह यांनी १९९७ मध्ये अरबी समुद्रातील माहिती प्रसिद्ध केली. देवमासा हा नावाने मासा असला तरी सस्तन प्राणी आहे. मारलेल्या माद्यांच्या उदरातील गर्भांची लांबी मोजून त्यांचा विणीचा हंगाम उत्तर गोलार्धातील असल्याचे दिसले. पोटांत इथलेच मासे सापडले. अन्यत्र हम्पबॅक थंड समुद्रात चरतात आणि विणीसाठी उष्ण पाण्यात येतात. अरबी समुद्रातले मात्र बारा महिने इथेच राहतात. पुढे जनुकीय अभ्यासातून हा समूह सुमारे ७० हजार वर्षे इतरांपासून तुटलेला असल्याचे आढळले. त्यांचे वेगळेपण प्रथम ठोसपणे सिद्ध झाले, ते त्यांच्या कत्तलीच्या नोंदींवरून, हा विचित्र योगायोगच म्हणावा लागेल.

२००० ते २००४ या काळात ओमानजवळ काढलेल्या छायाचित्रांवरून त्यांची संख्या सुमारे ८२ असल्याचा अंदाज बांधण्यात आला. व्यापारी शिकारीवर १९८६ पासून स्थगिती आहे. पण इथे मासेमारीची जाळी आणि मालवाहू जहाजे यांचा धोका आहेच. अनेकांच्या शेपटीवर जाळ्यांचे वळ आढळतात. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रह-यंत्र बसविलेली ‘लुबान’ नावाची मादी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली. म्हणजे ही उरलीसुरली जनावरे आपल्याही किनाऱ्याची आहेत.