जागच्या जागी चालणारी माणसं

"आजोबा, वॉकर म्हणजे चालणारा ना? मग या माणसाचे पूर्वज सारखे चालतच असायचे का?"

थोरला काडेपेटीच्या शोधाबद्दल वाचत होता. घासली की पेटणारी काडी १८२७ साली विकायला काढली ती इंग्लंडमधल्या स्टॉकटन गावच्या जॉन वॉकर नावाच्या औषधविक्रेत्यानं. त्या आडनावावर आमचे नातूराव अडले होते.

"चालत असायचे," मी म्हटलं. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पण जिथून निघायचे तिथंच असायचे. आणि कशात चालायचे हे कळलं तर नाक धरशील."

एवढं म्हटल्यावर धाकटीही येऊन बसली. घाण काहीतरी ऐकायला मिळणार असलं की मुलं लगेच गोळा होतात.

तर आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड. जिकडं बघावं तिकडं मेंढ्या. लोकर हीच त्या देशाची लक्ष्मी. आजही लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये अध्यक्ष बसतात ते आसन लोकरीनं भरलेलं असतं आणि त्याला 'वुलसॅक', म्हणजे लोकरीचं पोतं, असंच म्हणतात. घरोघर बायका लोकर कातायच्या, विणकर कापड विणायचे. पण मागावरून उतरलेलं ते कापड अंगात घालायच्या लायकीचं नसे. विरविरीत, खरखरीत, मेंढीच्या अंगच्या चरबीनं तेलकट. वारा आरपार जायचा. मग ते कापड लाकडाच्या नाहीतर दगडाच्या कुंडात टाकायचं, वर पातळ पदार्थ ओतायचा आणि माणसानं अनवाणी पायांनी आत उतरून ते तुडवत बसायचं. तासन्‌तास. तो तुडवणारा म्हणजे वॉकर.

"पातळ पदार्थ म्हणजे?" धाकटीनं बरोबर तेच विचारलं.

"मूत्र. तेही ताजं नाही, चांगलं शिळं."

व्हायचा तो आरडाओरडा होऊ दिला. मग सांगितलं, की यात किळसवाण्यापेक्षा हुशारीचा भाग जास्त आहे. मूत्रात युरिया असतो. ते काही दिवस साठवलं की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. उत्तर इंग्लंडात अशा मुरवलेल्या मूत्राला 'लँट' म्हणायचे आणि घरोघरी त्याची पिंपं भरून ठेवायचे. अमोनिया अल्कधर्मी, लोकरीतल्या चरबीच्या आम्लांशी त्याची गाठ पडली की कापडातच साबण तयार होतो. साबण विकत घ्यायला पैसे पडत, हा कच्चा माल मात्र घरोघरी रोजचा. रोमन लोकांनाही ही युक्ती ठाऊक होती. व्हेस्पेशियन नावाच्या सम्राटानं तर या मूत्रावर कर बसवला. त्याच्या मुलानं नाक मुरडलं, तेव्हा सम्राटानं करातून आलेलं नाणं त्याच्या नाकाशी धरलं आणि वास येतो का ते विचारलं, असं सुएटोनियस या रोमन चरित्रकारानं लिहून ठेवलंय.

चरबी काढायला आणखी एक वस्तू लागे. ती आपल्याही घरात आहे. तुमची आई चेहऱ्याला लावते ती मुलतानी माती. इंग्रजीत तिचं नाव 'फुलर्स अर्थ'. फुलर म्हणजे हेच कापड तुडवणारे. इंग्लंडात ती सरे परगण्यातल्या रेडहिलजवळ आणि बाथ शहराच्या आसपास खाणीतून काढत. रेडहिलची माती म्हणजे दहा कोटी वर्षांहून जुनी ज्वालामुखीची राख. ती समुद्रात पडली, तळाशी बसली आणि तिच्यात बदल होत होत चिकणमाती झाली. या मातीचा कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची थप्पी. चिमूटभर माती घेतली तरी सगळ्या पापुद्र्यांचा मिळून पृष्ठभाग अफाट भरतो आणि तेलकटपणा त्याला जाऊन चिकटतो. मग पाण्यानं धुतलं, की मातीबरोबर तेलही जातं. सतराव्या शतकात इंग्लंडच्या सरकारनं या मातीच्या निर्यातीवर बंदी घातली होती. आपली माती नेऊन परके लोक आपल्यासारखं कापड करतील, ही भीती. मातीवर पहारा बसवणारं सरकार म्हटलं की आज हसू येईल, पण तेव्हा ते शहाणपणाचंच होतं.

"पण नुसतं स्वच्छच करायचं तर एवढं तुडवायचं कशाला?" थोरल्याची शंका रास्त होती. खरी गंमत तिथंच आहे.

मी धाकटीला तिचाच एक लांब केस मागितला. विंचरताना फणीत आलेला नको, मुळाकडचं टोक कोणतं ते कळायला हवं. एक उपटला. थोडी कुरकुर झाली. "आता हा केस अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये आडवा न धरता बोटांच्या लांबीत धर. हलकेच. आणि दोन्ही बोटं एकमेकांवर मागे-पुढे घास."

ती घासू लागली. केस निघाला चालायला! बोटं मागे-पुढे दोन्हीकडं फिरत होती, केस मात्र एकाच दिशेनं सरकत होता. मुळाकडचं टोक पुढं आणि शेंडा मागे. केस उलटा करून धरला तर तो उलट्या दिशेनं निघाला. थोरल्यानं आपला करून पाहिला, पण सैनिकी कापलेल्या केसात काय दिसणार?

याचं कारण असं, की केसावर खवले असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतात. छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले आणि सगळ्यांच्या उघड्या कडा शेंड्याकडं. त्यामुळं मुळाच्या दिशेनं केस सहज सरकतो. मागे यायला गेला की खवल्यांच्या कडा आडव्या येतात. मेंढीची लोकर हाही केसच, आणि तिचे खवले तर आपल्या केसांहून जास्त उठलेले. आता कापडाच्या तुकड्यात असे लाखो तंतू, एकाचं मूळ इकडं तर दुसऱ्याचं तिकडं. वरून वॉकर तुडवतोय. प्रत्येक पावलागणिक प्रत्येक तंतू आपल्या मुळाच्या दिशेनं किंचित सरकतो, शेजाऱ्यात घुसतो आणि तिथंच अडकतो. पुढं जाता येतं, परत फिरता येत नाही. कोमट ओलाव्यानं आणि अमोनियानं तंतू फुगतात, लवचीक होतात आणि हे काम भराभर होतं. कापड आटत जातं, जाड होतं. तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त कापड आटायचं. शेवटी विणीचे उभे-आडवे धागे ओळखू येईनात इतकं ते एकजीव व्हायचं. मग ते ओलं कापड कुरूप आटू नये म्हणून मैदानात लाकडी चौकटींना आकडे लावून ताणून वाळवायचे. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घालून वॉशिंग मशीन फिरवलं, तर आत नेमका हाच कारभार होतो. फक्त तुम्ही तो मुद्दाम केलेला नसतो.

सुती कापडाला कितीही तुडवा, असं होणार नाही. कापसाच्या तंतूला खवले नाहीत. आपल्याकडं धनगरांची घोंगडी लोकरीची खरी, पण तिला घट्टपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ लावतात. ज्याला जे जवळ सापडलं त्यानं ते वापरलं.

आता आडनावाकडं येऊ. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, त्यानंतरच्या दोन-तीनशे वर्षांत तिथं वंशपरंपरेनं चालणारी आडनावं रुजली. आधी जमीनदारांत, मग शहरांत, मग खेड्यापाड्यांत. गावात जॉन आणि विल्यम यांचा सुकाळ. करवसुली करणाऱ्यानं ओळखायचं कुणाला? मग सुताराचा, लोहाराचा, तुडवणाऱ्याचा जॉन अशी नोंद व्हायची. १३७९ च्या डोईपट्टीच्या यॉर्कशरमधल्या याद्यांत असे कितीतरी सापडतात.

पण तुडवणाऱ्याला सगळीकडं एकच नाव नव्हतं. उत्तरेत आणि स्कॉटलंडात तो वॉकर. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाच्या मुळाशी घोळवणं, लोळवणं असा अर्थ होता, चालणं हा अर्थ त्याला नंतर आला. जर्मन भाषेत आजही 'वाल्कन' म्हणजे लोकर अशी आटवणं. इंग्लंडच्या आग्नेयेला मात्र तोच माणूस फुलर, हे लॅटिन 'फुल्लो'चं लेकरू. आणि नैर्ऋत्येला, डेव्हन आणि सॉमरसेटकडं, तो टकर. त्या जुन्या शब्दाचा अर्थ छळणं. कापडाच्या बाजूनं बघाल तर हा शब्द सगळ्यांत प्रामाणिक. धंदा तोच, वास तोच, आडनावं तीन. एखाद्या पक्ष्याच्या जाती नकाशावर दाखवतात तशी ही तिन्ही आडनावं दाखवली तर त्यांचे प्रदेश वेगळे दिसतात. १८८१ च्या जनगणनेतही, म्हणजे पाच शतकं लोटल्यावर आणि रेल्वे आल्यावरही, ते पुष्कळसे जिथल्या तिथं होते. एक्सेटर शहरात 'टकर्स हॉल' नावाची या कारागिरांची वास्तू आहे, १४७१ ची. वेल्समध्ये कापड तुडवायच्या गिरणीला 'पांडी' म्हणत. टोनीपांडी हे खाणकामगारांच्या दंगलीमुळं गाजलेलं गाव तिच्याच नावाचं.

हो, गिरणी. कारण पाय लवकरच सुटले. ११८५ साली टेम्पलर नावाच्या धर्मयोद्ध्यांच्या मालमत्तेची मोजदाद झाली, तिच्यात कापड तुडवणाऱ्या पाणचक्क्यांची नोंद आहे. ओढ्याच्या पाण्यानं चाक फिरायचं, चाकाच्या दांड्यावरचे खुंट जड लाकडी हातोडे उचलायचे आणि कुंडातल्या कापडावर सोडायचे. एलिनोरा कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी १९४१ साली याला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटलं. पुढच्या अभ्यासकांना ते जरा जास्तच वाटलं. मलाही वाटतं, पण गिरणीनं भांडणं लावली एवढं नक्की. गिरणी मठाची किंवा जमीनदाराची, आणि कापड तिथंच आणून पैसे भरायची सक्ती. सेंट ऑल्बन्सच्या लोकांनी मठाधिपतीविरुद्ध हाच झगडा मांडला. १२७४ मध्ये राणी एलिनोर तिथून जात असताना गावातल्या बायकांनी तिच्याकडं गाऱ्हाणं नेलं. आमचं कापड आम्ही घरी तुडवू, एवढंच मागणं होतं. निकाल मठाच्या बाजूनं लागला.

म्हणजे बघा, कितीतरी वॉकर घराण्यांना हे आडनाव कायमचं चिकटलं तेव्हा तुडवायचं काम हातोड्यांकडं जाऊ लागलं होतं. हातांनी आपटायची रीत मात्र स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर विसाव्या शतकापर्यंत टिकली. ओलं ट्वीड फळीवर ठेवून बायका ओळीनं बसायच्या आणि गेलिक गाण्यांच्या ठेक्यावर ते आपटायच्या.

"मग सगळे वॉकर एकमेकांचे नातेवाईक?" थोरला.

नाहीत. याचा पुरावा पेशीत सापडतो. इंग्लंडात आडनाव बापाकडून मुलाकडं जातं आणि वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडंच जातं. लेस्टर विद्यापीठाच्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली चाळीस आडनावांचा या दृष्टीनं अभ्यास प्रसिद्ध केला. ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाच्या बहुतेक पुरुषांचं वाय गुणसूत्र एकमेकांशी जुळलं, म्हणजे मूळपुरुष बहुधा एकच. स्मिथ मंडळींचं मात्र रस्त्यावरच्या कुणाही दोघांइतकंच जुळत होतं. लोहार गावोगावी, तसे तुडवणारेही गावोगावी. वॉकर हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलं. म्हणून तर आज ते इंग्लंडातल्या अगदी नेहमीच्या आडनावांपैकी एक आहे, आणि अमेरिकेतही पहिल्या पन्नासांत आहे. स्कॉटलंडातल्या किल्मार्नक गावच्या ज्या वाणसामान विकणाऱ्या वॉकरचं नाव तुमच्या बाबांच्या कपाटातल्या बाटलीवर आहे, तोही यांतलाच. ती बाटली मला दिसते, एवढं बाबांना सांगा.

फुलरांची गोष्ट याहून लांब गेली. अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर नावाचा वास्तुरचनाकार होता. त्रिकोण जोडत जोडत तो प्रचंड घुमट उभारायचा. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनातला घुमट त्याचाच. १९८५ साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात हॅरल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांना कार्बनचा एक नवाच रेणू सापडला. साठ अणू, बारा पंचकोन, वीस षट्कोन, आतून पोकळ गोळा. ही रचना ओळखताना फुलरचे घुमट त्यांच्या डोळ्यांपुढं होते, म्हणून रेणूचं नाव ठेवलं बकमिन्स्टरफुलरीन. १९९६ साली तिघांना त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आता रसायनशास्त्राच्या पुस्तकात पोकळ कार्बन रेणूंच्या सबंध कुळालाच फुलरीन म्हणतात.