आजी जागची हलली नाही, तरी परराज्यातली झाली

माझी आजी चंदगड तालुक्यातली. लग्न होऊन बेळगावात आली ती 1940 च्या आसपास, आणि मग शेवटपर्यंत इथेच राहिली. 1951 च्या जनगणनेत तिची गणती ‘याच जिल्ह्यात जन्मलेली’ अशी झाली असणार, कारण चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यात होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मुंबई राज्यातच राहून कोल्हापूर जिल्ह्यात आलं. जनगणना जन्मस्थळ ठरवते ते गणतीच्या दिवशी असलेल्या हद्दींवरून. त्यामुळे 1961 च्या तक्त्यात आजी ‘दुसऱ्या राज्यात जन्मलेली’ झाली. उंबरा न ओलांडता!

हे मला कळलं ते चूक करता करता. मंडळासाठी एक टिपण लिहीत होतो. 1961 चे परराज्यात जन्मलेले वजा 1951 चे, म्हणजे त्या दहा वर्षांत बाहेरून आलेली माणसं, असा सरळ हिशेब मांडला होता. इंजिनिअरची खोड, दोन रीडिंगं मिळाली की वजाबाकी. पण मधल्या काळात मीटरचा शून्यच सरकला होता. चंदगडच काय, कोल्हापूर, सांगली इथून आलेल्या सगळ्या सुना 1951 ला एकाच मुंबई राज्यातल्या होत्या. टिपण फाडलं. तसंच वाचून दाखवलं असतं, तर ‘मराठी माणसं इथे बाहेरून आली’ म्हणणाऱ्यांच्या हाती मीच कोलीत दिलं असतं.

जन्मस्थळाच्या प्रश्नात आणखी एक मेख आहे, आणि ती आपल्याच रीतीची. पहिलं बाळंतपण माहेरी. माझे थोरले काका कोल्हापूरला आजोळी जन्मले आणि दोन-तीन महिन्यांचे असताना बेळगावात आले. जन्मस्थळाच्या तक्त्यात ते जन्मभर स्थलांतरित! 1971 पासून ‘यापूर्वीचं राहण्याचं ठिकाण’ हाही प्रश्न आला, 1981 पासून स्थलांतराचं कारण विचारू लागले. 2001 ला कारणांच्या यादीत ‘जन्मानंतर हलवले’ हा वेगळा रकाना आला. काकांसारख्यांना तेव्हा कुठे योग्य खण मिळाला.

आता मोठा आकडा. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 45.6 कोटी स्थलांतरित निघाले, लोकसंख्या 121 कोटी. ऐकून वाटतं अर्धा देश गाठोडं बांधून मुंबईला निघालाय. पण त्यात दोनतृतीयांशांहून जास्त बायका आहेत आणि त्यांचं मुख्य कारण लग्न. राज्याची हद्द ओलांडून आलेले साधारण 5.4 कोटीच. शेजारच्या गावात दिलेली मुलगीही स्थलांतरित धरतात, म्हणून आकडा एवढा फुगतो.

हद्दीचं कोडं इथे पुन्हा येतं. अथणीची मुलगी बेळगावात दिली तर ‘जिल्ह्यांतर्गत’, आणि अथणीपेक्षा कितीतरी जवळच्या चंदगडची दिली तर ‘आंतरराज्य’. अंतर कुणी मोजत नाही, फक्त रेघ ओलांडली का एवढंच बघतात.

उलट बाजूही सांगतो. वडोद्यात किंवा इंदुरात पाच-सहा पिढ्या राहिलेलं मराठी घर या तक्त्यांत दिसतच नाही, कारण घरातले सगळे तिथेच जन्मलेले. दिसते ती फक्त पुण्याहून आणलेली सून. तेव्हा गायकवाड-होळकरांच्या काळात आलेल्या घराण्यांचा शोध स्थलांतराच्या, म्हणजे ‘डी’ मालिकेत घेऊ नका. त्यासाठी मातृभाषेचे, ‘सी’ मालिकेतले तक्ते काढा. त्यातही सासरी येऊन मातृभाषा मराठी सांगणारी सून आणि तिथेच जन्मलेली सासू एकाच आकड्यात मिसळतात.

सीमाभागावर काम करणाऱ्यांनी 1951 आणि 1961 चे तक्ते शेजारी ठेवण्याआधी तालुक्यांची यादी लावून घ्यावी. मी ती आता वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवली आहे.