जुन्या मोटारींतील विजेचा लपंडाव

मोटार मुळींच सुरू होत नसेल, तर तिचा दोष शोधणें फारसें अवघड नाहीं. माणसाची खरी परीक्षा पाहते ती पहांटे रुसून बसणारी आणि दुपारीं कारागिरापुढें शहाण्यासारखी वागणारी मोटार. उरणसारख्या गांवीं समुद्र जवळ, खाडी जवळ आणि मिठागरें पिढ्यान्‌पिढ्यांचीं. तेथें जुनी गाडी जपणाऱ्या घरांना हा अनुभव नवा नाहीं.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घ्यावी. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी ही गाडी २००० च्या सुमारास निघेनाशी झाली व मुंबईची अखेरची पद्मिनी टॅक्सी २०२३ सालीं रस्त्यावरून गेली. तरी हौशी लोकांच्या दारीं ती अजून दिसते. तिच्या १२ व्होल्टांच्या बॅटरीपासून दिव्याकडे तार जाते, परंतु दिव्याकडून परत येणारी तार नसते. गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची वाट होतो. यालाच कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. तार वांचते खरी, पण दिव्याचें भवितव्य एका गंजक्या बोल्टाच्या हातीं जातें.

आतां मिठाचा प्रताप पाहावा. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारें ७५ टक्क्यांवर गेली कीं मीठ हवेंतील ओल ओढून स्वतःच विरघळतें. सांध्यावर बसलेली अदृश्य पूड पहांटे खारें पाणी बनते, तांब्यावर हिरवी बुरशी धरते आणि डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणावरून ठिणगीची वीज भलतीकडेच पळते. ऊन तापलें कीं टोपण कोरडें होतें व दोष नाहींसा होतो. याच्या उलट इग्निशन कॉइलचा दोष. थंड असतां गाडी सुरेख चालते, वीस-पंचवीस मिनिटांनीं बंद पडते, आणि अर्धा तास विसांवा मिळाला कीं पुन्हां चालूं लागते.

म्हणून हत्यारांआधीं वही हवी. दोष केव्हां आला, गाडी गरम होती कीं थंड, हवा दमट होती काय, खड्डा लागला काय, कोणते दिवे चालू होते, हें लिहून ठेवावें. इशाऱ्याचा दिवा लावतांच मागचा दिवाही लुकलुकूं लागला, तर दोघांचा सामाईक ‘अर्थ’च बिघडला, असें बहुधा समजावें. एवढी नोंद नसतां कारागीर एकामागून एक भाग बदलीत जातो आणि पैसे मालकाचे जातात.

मग व्होल्टमीटर घ्यावा. त्याचें एक टोंक बॅटरीच्या ‘अर्थ’ खुंटीवर व दुसरें दिव्याच्या धातूच्या बैठकीवर टेकवावें. मात्र दिवा चालू ठेवून. पुष्कळ जण येथेंच फसतात. प्रवाह वाहत नसेल तर सडक्या सांध्यावरही व्होल्टांची घट दिसत नाहीं. ४५ वॅटच्या दिव्याच्या वाटेंत अवघा अर्धा ओहम अडथळा आला, तरी दीड व्होल्टाहून अधिक दाब तेथें खर्च होतो, आणि प्रकाश एकतृतीयांशाहून अधिक घटतो. कांटा अर्ध्या व्होल्टापुढें गेला तर सांधा संशयास्पद. त्याच वेळीं तारांचा जुडगा हलक्या हातानें हलवून पाहावा; कांटा उडाला, तर जागा सांपडली.

फ्यूज वारंवार जातो म्हणून सिगारेटच्या पुडींतील चांदीचा कागद गुंडाळून बसविणें ही आपल्याकडील एक जुनी व घातक युक्ति. फ्यूज वांचतो आणि तारेचें आवरण जळूं लागतें. न्हावा-शेवा बंदर १९८९ सालीं सुरू झाल्यापासून उरणचे रस्ते अवजड कंटेनरांचे झाले आहेत. तेथें रात्रीं दिवे क्षणभर विझणें म्हणजे जिवाशीं गांठ.

दोष सांपडल्यावर प्रथम बॅटरीची ‘अर्थ’ तार सोडावी, सांधा कांचकागदानें चकचकीत होईपर्यंत घासावा, घट्ट आवळावा, व वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्यावा. एका वेळीं एकच दुरुस्ती करावी आणि पुढील दमट पहांटेची वाट पाहावी. दुपारच्या कोरड्या उन्हांतील यश जमेस धरूं नये.