छोट्या सीएनसी मशीनसाठी राउटर कोणता घ्यावा?

नावाच्या पाट्या, दाराची नक्षी, खिडकीची जाळी ही कामे आपले अनेक कारागीर बंधू आता लहान सीएनसी मशीनवर करू लागले आहेत. हौसेने घेतलेले मशीन चार ऑर्डरी मिळाल्या की धंद्याचे होते. मग लाकडाच्या कडा काळ्या पडू लागल्या की पहिला विचार येतो, राउटर लहान पडतो, मोठा घेऊ. हा खर्च करण्यापूर्वी थोडा हिशोब करावा.

वॅट नव्हे, आधी वेग पाहा

मिनिटाचे फेरे, बिटच्या धारा आणि प्रत्येक धारेने काढायच्या छिलक्याची जाडी यांचा गुणाकार केला की मशीन मिनिटाला किती सरकले पाहिजे ते कळते. दोन धारांचे बिट आणि ०.१ मि.मी. छिलका धरला, तर ३३,००० फेऱ्यांना मशीन मिनिटाला ६,६०० मि.मी. सरकावे लागेल. लहान मशीनला ते झेपत नाही. बिट कापण्याऐवजी घासते, तापते आणि सागवान जळते. ॲक्रिलिक तर वितळून बिटलाच चिकटते. १२,००० फेऱ्यांना मात्र २,४०० मि.मी. पुरतात.

म्हणून एकाच वेगाने फिरणारा ट्रिमर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. वेग कमी-जास्त करता येणारा घ्यावा. मकिताचा ७१० वॅटचा ट्रिमर १०,००० ते ३०,००० फेऱ्यांत चालतो. लहान कामाला तो पुरतो.

आधी कोलेट आणि सांगाडा

बिट डुगडुगत फिरत असेल तर प्रथम कोलेट बदलावे. हा कमी खर्चाचा उपाय आहे. नंतर मशीनची मोटरे जागेवर धरलेली ठेवून, राउटरचा प्लग काढून, तो हाताने ढकलून पाहावा. हलत असेल तर दोष सांगाड्यात आहे. ट्रिमर दोन किलोच्या आत असतो, तर २.२ किलोवॅटचा स्पिंडल सुमारे पाच किलोचा. ढिल्या सांगाड्यावर हे वजन चढवले तर काम आणखी बिघडेल.

स्पिंडल केव्हा घ्यावा?

ट्रिमरचे कार्बन झिजतात आणि त्याचा पंखा भुसा आत ओढतो. मशीन रोज कित्येक तास चालत असेल तर स्पिंडल परवडतो. त्याला कार्बन नसतात, आवाज कमी होतो आणि ईआर-२० कोलेटमध्ये १३ मि.मी.पर्यंतचे बिट बसते. मात्र त्याला व्हीएफडी लागते. २४,००० फेऱ्यांच्या स्पिंडलला ती ४०० हर्ट्झवर लावावी लागते; सेटिंग मोटरच्या पाटीप्रमाणेच करावी, नाहीतर मोटर जळू शकते. अर्थिंग पक्के असावे. घरगुती ६ ॲम्पियरच्या प्लगवर २.२ किलोवॅटचा स्पिंडल चालवू नये.

महिनाभर वहीत रोज लिहून ठेवा : मशीन किती तास चालले, कोणता माल वाया गेला आणि का. नवा राउटर हवा, कोलेट हवे की सांगाडा घट्ट करायला हवा, याचे उत्तर दुकानदारापेक्षा ती वही अधिक खरे देईल.