वाघोलीचा दगड, गीझरचा चुना

उन्हाळा लागला की पुण्याच्या उपनगरांतल्या टँकरच्या रांगांचे फोटो छापून येतात, दरवाढीच्या चौकटी येतात आणि पहिला दमदार पाऊस झाला की विषय संपतो. यंदाही तेच चाललंय. टँकर किती आले याचा हिशेब सोसायटीच्या वहीत असतो. त्यांनी घरात काय आणून ओतलं, ते मात्र गीझर बंद पडल्यावरच कळतं. प्लंबर झाकण उघडून कॉइल बाहेर ओढतो, तेव्हा मूळ नळी दिसतच नाही. वर पांढुरकं, खरखरीत कवच चढलेलं असतं. पान्याने ठोकलं की त्याच्या खपल्या फरशीवर पडतात. ‘चुना धरलाय’ एवढंच त्याचं निदान, आणि ते चुकीचं नाही. बोअरच्या पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट तापले की त्यांचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि जिथे उष्णता सर्वांत जास्त, तिथेच ते बसतं. म्हणून कॉइल आधी जाते, बेसिनचा नळ नंतर.

खडकवासल्याचं पाणी पिऊन वाढलेल्या पुणेकराला हा त्रास नवा वाटतो, कारण ते सह्याद्रीवर पडलेलं आणि घाईने धरणात उतरलेलं पावसाचं पाणी. बोअरचं पाणी दगडात मुरत, थांबत आलेलं असतं. काळ्या बेसॉल्टमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. मातीतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन पाणी किंचित आंबट होतं आणि खडकाला हळूहळू खात खाली जातं. विरघळलेल्या या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळेच ते जड होतं. २०२१ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी वाघोली हे अशा पाण्याचं ठळक उदाहरण. आणि या वाघोलीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

वाघोलीच्या खाणींत खडी फोडताना बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅव्हनसाइट नावाचं गडद निळं खनिज सापडतं. जगभरचे संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात. ते निळे झुबके बहुधा स्टिल्बाइट किंवा ह्यूलंडाइटच्या पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांवर बसलेले असतात. ही दोन खनिजं झिओलाइट कुळातली, आणि पाणी मऊ करण्याच्या तंत्राचा उगम याच कुळात आहे. १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे या संशोधकांना दिसलं की मातीतून अमोनियाचं द्रावण जाऊ दिलं, तर माती अमोनिया धरून ठेवते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गान्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हीच अदलाबदल कृत्रिम झिओलाइटकडून करून घेतली आणि पाणी मऊ करण्याचा धंदा उभा राहिला. पुढे झिओलाइटची जागा पॉलिस्टायरिनच्या रेझिनने घेतली. झिओलाइट गेलं कपड्यांच्या पावडरीत. तिथे ते आजही कॅल्शियम पकडण्याचंच काम करतं. जड पाण्याचा कारखाना आणि त्यावरच्या उताऱ्याचं मूळ वाण एकाच खाणीत! फक्त तिथलं झिओलाइट आधीच कॅल्शियमने भरलेलं असतं, म्हणून घरच्या टाकीत ते टाकून काही व्हायचं नाही.

सॉफ्टनर म्हणजे तीच अदलाबदल, बंद टाकीत. रेझिनच्या मोहरीएवढ्या पिवळसर मण्यांवर सोडियम बसवलेला असतो. पाणी आत गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात, सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं दाट पाणी सोडून त्यांना पुन्हा सोडियम द्यायचा आणि धरलेले क्षार गटारात. क्षार कुठे नाहीसे होत नाहीत, त्यांची बदली होते. विक्रेते नेमकं हेच सांगत नाहीत.

ते सांगतात टीडीएस. खिशातून पेनासारखं यंत्र काढतात, ग्लासात बुडवतात, आकडा दाखवून घाबरवतात. पण टीडीएस म्हणजे एकूण विरघळलेले क्षार. जडपणा हा त्यातला फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमचा भाग. सॉफ्टनर लावल्यावर टीडीएस कमी होत नाही, झाला तर थोडा वाढतो. जडपणा मोजायला थेंबांचं किट मिळतं. नमुन्यात सूचक टाकला की पाणी जांभळट लाल होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे. एका थेंबाला तो लाल रंग झटकन निळा होतो, तोवर किती थेंब पडले त्यावरून तुमचा जडपणा कळतो. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार जडपणा लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत असेल तर पाणी चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. २०० च्या आत असाल तर सॉफ्टनरचा विचार सोडा. गीझरचं तापमान ५०-५५ अंशांवर ठेवा, वर्षातून एकदा कॉइल साफ करून घ्या, भागतं.

समजा आकडा ४०० आला. माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष धरला तर चौघांचं घर ५४० लिटर वापरतं, म्हणजे रोज २१६ ग्रॅम क्षार. रेझिन लिटरमागे ढोबळमानाने ५० ग्रॅम धरतं. २५ लिटर रेझिनचं यंत्र सहा दिवसांत भरतं आणि दर वेळी पावणेचार किलोच्या आसपास मीठ मागतं. संडासच्या फ्लशला, गॅलरी धुवायला मऊ पाणी कशाला हवं? आंघोळ, कपडे आणि गीझर एवढीच लाइन वेगळी काढली तर मीठही अर्ध्यावर येतं. बाजारातलं जाडं खडेमीठ मात्र नको, त्यात मॅग्नेशियम आणि माती दोन्ही असतात.

हाच हिशेब शॉवरला लावायच्या त्या चकचकीत फिल्टरला लावून बघा. आत वाटीभर, म्हणजे २०० मिलिलिटर रेझिन आहे असं मानलं तरी ते १० ग्रॅम क्षार धरेल. २० लिटरच्या एका बादलीत ८ ग्रॅम असतात. एका माणसाची आंघोळ होते न होते तोच फिल्टर संपला! पाइपला बांधायचे लोहचुंबक तर पाण्यातून काहीच काढत नाहीत. वॉशिंग मशीनच्या नळीवरच्या काचेसारख्या गोळ्या बहुधा पॉलिफॉस्फेटच्या असतात. त्या क्षार काढत नाहीत, पण बसू देत नाहीत. तेवढ्या कामापुरत्या ठीक.

केस गळण्याचा धाकही जाहिरातीत हमखास असतो. साबणाचा न निघालेला साका राहून केस राठ लागतात हे खरं, पण गळण्याचा पुरावा कच्चा आहे. त्वचेचं म्हणाल तर इसब असलेल्या ३३६ मुलांवर इंग्लंडमध्ये चाचणी झाली. तिचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की घरात सॉफ्टनर बसवून इसबाला जास्तीचा फायदा झाला नाही.

स्वयंपाकघराचा नळ सॉफ्टनरपासून लांबच ठेवा. ४०० चं पाणी ५० वर आणलं की लिटरला सुमारे १६० मिलीग्रॅम सोडियम वाढतो. दिवसात तीन लिटर प्यायलात तर जवळपास ४८० मिलीग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० ची. घरात रक्तदाबाचा पेशंट असेल तर हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तुरीची डाळ शिजत नाही ही तक्रार खरी आहे, कारण कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतो. पण त्याला चिमूटभर खायचा सोडा पुरतो. तुळशीलाही मऊ केलेलं पाणी नको.

खरी काळजी मला घरच्या यंत्राची नाही, तळघरात बसणाऱ्या सोसायटीच्या सॉफ्टनरची वाटते. शंभर फ्लॅट, ५४ हजार लिटर, जडपणा ४००: रोज २१ किलोंवर क्षार, आणि एका किलोमागे अडीच-तीन किलो मीठ. म्हणजे रोज पोतंभर, वर्षाला २० टन. हे मीठ सांडपाणी प्रकल्पात गाळलं जात नाही. ते बागेत जातं, तिथली काळी माती सोडियमने चिकट होते, पाणी मुरत नाही, उरलेलं मुळा-मुठेत. बिल्डरने पत्रकात ‘मऊ पाणी’ सुविधा म्हणून छापलं, महापालिकेची जलवाहिनी आली नाही, आणि तिची भरपाई आपण मीठ ओतून करतो. याला सुविधा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

भाडेकरूंना यातलं काहीच करता येत नाही. त्यांनी किराणा दुकानातून लिंबूफूल आणावं, कोमट पाण्यात विरघळवून शॉवरची जाळी आणि केटल तासभर भिजत ठेवावी. संगमरवराला लावू नये, ब्लीचमध्ये मिसळू नये.

सोसायट्यांना मात्र एक वाट आहे. बऱ्याच इमारतींच्या गच्चीवर सौर बंब आहेत आणि गरम पाण्याची लाइन वेगळीच टाकलेली आहे. चुना धरतो तो तापलेल्या पाण्यात. मग सॉफ्टनर फक्त सौर टाकीच्या तोंडाशी का बसवू नये? फ्लॅटमागे रोज १०० लिटर गरम पाणी धरलं तर शंभर घरांचे १० हजार लिटर होतात, क्षार चार किलो आणि मीठ ११ किलोंच्या आसपास. रोजचं पोतं चार-पाच दिवसांवर जातं. पुढच्या सर्वसाधारण सभेत सॉफ्टनरचं कोटेशन आलं, तर त्याला जोडून गरम पाण्याच्या लाइनपुरतं दुसरं कोटेशन मागवा, आणि दोन्हींत महिन्याला मीठ किती लागेल ते लेखी घ्या.